फवारणी कधी, हे दुकानदार नाही, सापळा सांगेल

धर्माबाद म्हटलं की लाल मिरची आठवते. पण आपल्याकडे कापूसही आहे, आणि कापूस म्हटला की गुलाबी बोंडअळी आलीच.

ही अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. बोंड वरून चांगलं, फोडलं की आत सरकी खाल्लेली. २०१७ ला बीटी असूनही राज्यभर हेच झालं. म्हणजे अळी दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो. गाठायचं ते पतंगाला.

नर पतंगाच्या मिशांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे केस असतात, त्या केसांना सूक्ष्म छिद्रं. मादीने सोडलेला गंध त्यातून आत जातो आणि नर अंधारात तिच्याकडे निघतो. हा गंध शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ओळखला. कामगंध सापळ्यातली ल्यूर म्हणजे त्याच गंधाची नक्कल.

शिफारस साधी आहे. हेक्टरी पाच सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर उपाय करा. तोवर औषधावर पैसा कशाला घालायचा?

काही जण म्हणतात, "आमच्या सापळ्यात काही येतच नाही." ल्यूर वेळेवर बदलली का? ती गुलाबी बोंडअळीचीच होती का? प्रत्येक किडीच्या मिशा आपापल्याच गंधाला जागतात. अमेरिकन बोंडअळीची ल्यूर इथे चालत नाही.

आणि एक खरं बोललं पाहिजे. सापळ्यात फक्त नर येतात. शेजारच्या रानातून अंडी घालायला आलेली मादी तुमचा बांध ओळखत नाही, तेलंगणाची हद्दही ओळखत नाही. म्हणून एकट्याचा सापळा फक्त खबर देतो. बंदोबस्त अख्ख्या शिवाराने करायचा असतो.

अमेरिकेने २०१८ मध्ये ही कीड आपल्या कापसातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बीटी, गंध, वांझ पतंग, नांगरट, सगळं एकत्र आणि सगळ्यांनी मिळून.

म्हणून मागणी एवढीच: सापळे आणि ल्यूर पाते लागायच्या आधी गावागावात मिळावेत, आणि दर आठवड्याची पतंगांची मोजणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. आपल्या बाजूने आपण फरदड ठेवायची नाही.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.