टाकी ‘भरली’ म्हणजे नेमके काय?

पावसाळा सुरू झाला की चाकण, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी या भागांत मैला उपसणाऱ्या टँकरवाल्यांचे फोन वाजू लागतात. संडासातून पाणी उलटे येते आहे, वास सुटला आहे, भाडेकरू ओरडताहेत. घरमालक म्हणतो, ‘टाकी भरली, लगेच या.’ घोळ या वाक्यापासूनच सुरू होतो.

कारण सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. वापर सुरू झाला की थोड्याच दिवसांत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत चढते आणि पुढे जेवढे आत येईल तेवढेच बाहेर पडते. टाकीचे काम साठवण्याचे नाही, पाणी संथ करण्याचे आहे. जड मैला तळाशी बसतो, तेलकट पदार्थ सायीसारखे वर तरंगतात आणि मधले, त्यातल्या त्यात निवळलेले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. त्यातला काही भाग वायू होऊन उंच पाइपातून निघून जातो, पण सगळा गाळ पचत नाही. उरलेला थर चढत राहतो आणि पाण्याला थांबायला जागा उरत नाही. मग मैला न निवळताच बाहेर पडतो. घरात मात्र काहीच कळत नाही, संडास व्यवस्थित चालू असतो. पाणी उलटे येते तेव्हा बहुधा शोषखड्ड्याची माती त्या गाळाने बुजलेली असते. वर पावसाने जमीन तुडुंब झालेली. अशा वेळी टँकर येऊन गेला तरी चार दिवसांनी पुन्हा तेच.

म्हणूनच टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी असे सांगितले जाते. पण हा हिशेब ठरावीक माणसांचा आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यात घरामागे दहा-बारा खोल्यांची रांग असते आणि एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी चार-पाच पोरे. दहा माणसांसाठी बांधलेली टाकी तीन वर्षांत उपसायला येत असेल, तर चाळीस माणसांनी वापरल्यावर तीच साधारण नऊ महिन्यांत येते. शिवाय दोन दिवस थांबायला हवे असलेले पाणी अर्ध्या दिवसात बाहेर पडते. मजला चढवताना घरमालक पाण्याची टाकी मोठी घेतो, ही टाकी मात्र वडिलांच्या काळातलीच असते. शोषखड्डाही अनेकदा नसतो, पाइप थेट गटारात सोडलेला. गटार ओढ्याला आणि ओढा भामा किंवा इंद्रायणीला मिळतो.

टाकीतून निवळून आलेले पाणीही निर्धोक नसते. विषमज्वर, कावीळ, जंत यांचे जंतू त्यात असतात. आपल्याकडे मातीचा थर पातळ आणि खाली बेसाल्टचा खडक. खडकाच्या भेगांतून हे पाणी शेजारच्या बोअरपर्यंत जाऊ शकते. बोअरचे पाणी थंडगार लागते, म्हणून ते चांगले समजायचे कारण नाही.

दुकानात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांवर खर्च करू नये, मैल्यात जिवाणू आयतेच असतात. ॲसिड ओतणे त्याहून वाईट, ते असलेल्या जिवाणूंनाच मारते.

आणि टाकीत कुणीही उतरू नये, मालकानेही नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते तेव्हाच तो सर्वांत जास्त असतो. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत अशाच एका टाकीने चौघांचे प्राण घेतले. २०१३च्या कायद्यानुसार माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणे गुन्हा आहे, खासगी घरमालकासाठीसुद्धा. अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये असावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला.

माझा आक्षेप आहे तो हे सारे घरमालकाच्या फोनवर सोडून देण्याला. अडचण आल्यावरच बोलावायचे, तर टँकरही मिळेल तो आणि मैला ओतला जाणार रात्री कुठल्या तरी ओढ्यात. सातारा जिल्ह्यातल्या वाईने २०१८मध्ये वेगळा मार्ग धरला. तिथे नगरपरिषदेची गाडी तीन वर्षांच्या चक्राने प्रत्येक घरापर्यंत जाते, कुणी तक्रार करो वा न करो. पैसे त्या दिवशी मोजावे लागत नाहीत, खर्च करातून भागतो. उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट घेतली. कृष्णाकाठच्या छोट्या गावाला जे जमले, ते गाड्यांचे कारखाने असलेल्या चाकणला का जमू नये?

‘ड्रेनेज येणारच आहे’ हे उत्तर मला ठाऊक आहे. मोशी, चऱ्होली, चिखली ही गावे १९९७मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा, दारापर्यंत ड्रेनेजची लाइन यायला किती वर्षे लागली. तोवर आणि त्यानंतरही, जिथे लाइन पोचणार नाही अशा वाड्यावस्त्यांवर, टाक्याच राहणार आहेत. चाकण नगरपरिषदेने आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी मिळून आधी टाक्यांची मोजणी करावी. कुणाची टाकी केवढी, वापरणारी माणसे किती, बाहेरचा पाइप कुठे सोडला आहे. वाढीव खोल्यांवरचा कर बुडेल म्हणून काही घरमालक माहिती लपवतील, तेव्हा हे काम करवसुलीपासून वेगळे ठेवलेले बरे.

घरमालकांना आजही एक गोष्ट करता येईल. विजेच्या मीटरखाली खोलीचा नंबर रंगवलेला असतोच. त्याच डब्यातल्या रंगाने टाकीजवळच्या भिंतीवर शेवटच्या उपशाची तारीख लिहावी.