दुसऱ्याची तबकडी, स्वतःचा हट्ट

भूमिगत हाउस-टेक्नोचा डीजे दुसऱ्यांच्याच तबकड्या वाजवतो, मग त्याला कलावंत का म्हणायचे, हा आक्षेप जुनाच. पण शिकागोत काय घडले ते पाहा. रोलँडचे टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारवादकाची जागा घ्यायला आले आणि साफ पडले. १९८४मध्ये उत्पादनच थांबले. फ्यूचर या गटाने त्याच्या खुंट्या पिळून एक वळवळता, चिरकणारा आवाज काढला. म्युझिक बॉक्स क्लबात डीजे रॉन हार्डीने तो प्रथम लावला तेव्हा नाचणारे पांगले, असे सांगतात. त्याने त्याच रात्री तो पुन्हा पुन्हा लावला आणि चौथ्या खेपेला गर्दी बेभान झाली. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली त्यानंतर, १९८७मध्ये. या संगीतात ठोका तोच तो असतो, ही तक्रार मात्र खरी. पण स्वतंत्र तबलावादनात साथीची सुरावट, म्हणजे लेहराही, तोच तो चालतो, म्हणूनच तर वरचे बारकावे कळतात. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२मध्येच टीबी-३०३ वापरून रागांची तबकडी केली होती. २०१०च्या पुनर्प्रकाशनापर्यंत ती जवळपास विस्मरणातच राहिली. तिला असा हट्टी डीजे भेटला नव्हता.