करमचंदाचा कैवार

१९८५ साली दूरदर्शनवर दाखवलेली, पंकज पराशर दिग्दर्शित 'करमचंद' ही हिंदी मालिका आज बहुधा नायकाच्या गाजरांमुळे, काळ्या चष्म्यामुळे आणि त्याची सहायिका किटी हिला मिळणाऱ्या दटावणीमुळे स्मरणात उरली आहे. तिच्यावर दोन आक्षेप घेतले जातात: पंकज कपूर यांनी साकारलेला हा विक्षिप्त गुप्तहेर पाश्चात्त्यांची उसनवारी होय, आणि अलौकिक बुद्धीचे असे स्तोम माजल्याने पोलिसांच्या कष्टाळू तपासाची किंमत लोकांच्या नजरेत उतरते.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की या पात्राचे कुळ शेरलॉक होम्सपर्यंत पोहोचते. परंतु धुरावरून अग्नीचे अनुमान करणारे आणि हेत्वाभासाची चिकित्सा करणारे न्यायशास्त्र ज्या भूमीत उदयास आले, तिला तर्कनिष्ठ तपास परका कसा म्हणावा? दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर गुप्तहेरकथेच्या घडणीतच आहे. ज्याच्याकडे सर्वांचे बोट वळते तोच येथे बहुधा निर्दोष ठरतो. तेव्हा अवहेलना होते ती पंचनाम्याची वा जबानीची नव्हे, तर पुराव्याआधीच गुन्हेगार ठरवून मोकळ्या होणाऱ्या आळशी संशयाची.

या संशयाने काय अनर्थ होतो, हे आमच्या धाराशिव जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु गावात चोरी झाली की फिर्यादीची शाई वाळण्यापूर्वीच अशा जमातींपैकी पारध्यांच्या पालाकडे वळण्याची खोड कायद्याबरोबर गेली नाही. लेखक लक्ष्मण गायकवाड यांचे धनेगाव, जे आज लातूर जिल्ह्यात आहे, पूर्वी याच जिल्ह्यात मोडत असे. १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या त्यांच्या 'उचल्या' या आत्मकथनात जातीवरून लादलेल्या या गुन्हेगारीचीच कैफियत आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीस भटक्या-विमुक्तांची मुले आज शिकत आहेत. त्यांच्या पाटी-दप्तराइतकीच त्यांना गरज आहे ती आडनावाला मुद्देमाल न मानणाऱ्या समाजाची.

करमचंद कोणाची जात पाहून गुन्हा शोधत नाही. कोण कोठे होता, कोणाचा हेतू काय आणि कोणाचे म्हणणे कोठे विसंगत आहे, एवढेच तो पाहतो. ही दृष्टी ज्या मनोरंजनाने घरोघरी पोहोचवली, त्याला उथळ म्हणणे अन्यायाचे आहे. विक्षिप्तपणा हे त्या नायकाचे केवळ बाह्यांग होय. पुराव्यावाचून कोणालाही दोषी न धरण्याचा त्याचा आग्रह मात्र प्रत्येक ठाणेदाराने, प्रत्येक पोलीस पाटलाने आणि चावडीवर बसणाऱ्या प्रत्येकाने अंगी बाणवावा असा आहे.