ऐच्छिक, पण कोणासाठी?

एखादी गोष्ट 'ऐच्छिक' ठरवणे हाही एक निर्णयच असतो. तो घेणारा एक असतो आणि त्याचे परिणाम भोगणारा बहुधा दुसराच. आलेख काढणाऱ्या संगणक-प्रणालींच्या बाबतीत या भेदाकडे आपल्या कार्यालयांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे माझे मत आहे.

माझे कार्यालय खिदिरपूरला आहे. येथील गोदी 1892 साली सुरू झाली. जहाज आत केव्हा घ्यायचे, हे आजही हुगळीच्या भरती-ओहोटीवर ठरते. अशा परिसरात आलेख ही अहवालाची शोभा नसून कामाची वस्तू आहे. त्यासाठी लिनक्सवर 1986 पासूनचे ग्नुप्लॉट आणि जॉन हंटर यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेले मॅटप्लॉटलिब ही दोन्ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे केंद्र सरकारचे धोरणही 2015 पासून आहे.

लिनक्सची वितरणे ही साधने जशीच्या तशी पुढे करीत नाहीत. ती त्यांची पॅकेजे बांधतात आणि प्रत्येकाला आणखी काय लागते याची यादी जोडतात. डेबियनमध्ये या यादीच्या तीन मुख्य पायऱ्या आहेत. 'डिपेंड्स' म्हणजे ज्यावाचून काम चालणार नाही ते. 'रेकमेंड्स' म्हणजे अपवाद वगळता सोबत असावे असे. 'सजेस्ट्स' म्हणजे असल्यास उपयोगी पडणारे. 2009 च्या आवृत्तीपासून दुसऱ्या पायरीवरील पॅकेजे आपोआप बसतात; मात्र जागा वाचवण्यासाठी ती वगळण्याची मुभा आहे. फेडोराच्या आरपीएम पद्धतीत अशा सौम्य पायऱ्या 2014 च्या सुमारास आल्या. आर्च लिनक्स ऐच्छिक वस्तूंची नुसती यादी दाखवून थांबते.

ही विभागणी विचारपूर्वक केलेली असते. डेबियनने ग्नुप्लॉटचे तीन पर्याय केले आहेत: खिडक्यांविना चालणारा, एक्स-११ चा आणि क्यूटीचा. रात्री आपोआप आलेख काढणाऱ्या सर्व्हरला खिडक्या कशाला हव्यात? मॅटप्लॉटलिबला टेक्सची अक्षरजुळणी वापरता येते. पण टेकचा पसारा मोठा असल्याने तो केवळ सुचवलेला असतो. हे योग्यच आहे.

अडचण देवनागरीपाशी येते. मॅटप्लॉटलिबचा मूळ टंक डेजावू सॅन्स आहे आणि त्यात देवनागरी अक्षरे नाहीत. म्हणून हिंदी शीर्षकाच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरी टंकांचे पॅकेज वेगळे, बांगलाचे आणखी वेगळे. टंक यंत्रात असला तरी मॅटप्लॉटलिबला तो नावानिशी सांगावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. या साधनात कित्येक वर्षे अक्षरे एकापुढे एक नुसती मांडली जात. त्यामुळे जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसे. ग्नुप्लॉटचे कैरो-आधारित निर्गम मात्र पँगोकडून अक्षरजुळणी करून घेतात आणि 'स्थिती' हा शब्द 'स्थिती' असाच छापतात. पण ग्नुप्लॉट मूळ स्रोतातून बांधताना कैरो आणि पँगो हेही ऐच्छिकच.

आता कायदा पाहा. राजभाषा अधिनियम, 1963 च्या कलम 3(3) नुसार केंद्र सरकारचे प्रशासनिक अहवाल हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढणे बंधनकारक आहे. पश्चिम बंगाल 1976 च्या नियमांप्रमाणे 'ग' क्षेत्रात येतो. तथापि या कलमातून त्याला सूट नाही. म्हणजे पॅकेज बांधणाऱ्याच्या लेखी जे ऐच्छिक, ते आमच्या लेखी अनिवार्य आहे. हिंदी मसुद्यातील आलेखांवर चौकोन दिसले की 'आलेख इंग्रजीतच राहू द्या' असा सोपा शेरा पडतो. पुढच्या वर्षी तोच शेरा पूर्वोदाहरण म्हणून दाखवला जातो.

याचा दोष पॅकेज सांभाळणाऱ्यांना देणे अन्यायाचे होईल. त्यांनी बहुसंख्य वापरकर्त्यांचा विचार केला आहे. शिवाय डेबियनची यादी जाहीर असते, सांभाळणाऱ्याचे नाव तिच्यावर असते आणि कोणालाही तक्रार नोंदवता येते. आमच्या किती परिपत्रकांबाबत असे म्हणता येईल?

उपाय आपल्या हाती आहे. सी-डॅकचे बॉस लिनक्स 2007 साली आले ते डेबियनच्याच पायावर. डेबियनमध्ये 'मेटापॅकेज' ही सोय आहे: आत काही नसते, फक्त आवश्यक गोष्टींची यादी असते. आलेखाचे साधन, पँगो आणि भारतीय लिप्यांचे टंक यांना 'डिपेंड्स' म्हणून बांधणारे एक मेटापॅकेज सरकारी वापरासाठी असावे. ते केंद्रीय पातळीवर होईपर्यंत एखादे कार्यालयही डेबियनच्याच 'इक्विव्ह्ज' या साधनाने ते स्वतःपुरते बनवू शकते.

यावर आक्षेप येईल की मग प्रत्येक विभाग आपली आवडती वस्तू अनिवार्य करू पाहील. अर्जांना जोडायच्या कागदांची यादी कशी फुगत जाते हे आपण जाणतोच, म्हणून ही भीती निराधार नाही. यासाठी कसोटी एकच असावी. कायद्याने जे बंधनकारक केले आहे तेवढेच 'डिपेंड्स'मध्ये जावे. टेकसह बाकी सारे खुशाल ऐच्छिक राहो. आणि ती यादी ज्या अधिकाऱ्याने केली, त्याचे पदनाम तिच्यावर असावे.