ऑनलाइन मागवलेलं रासबेरीचं रोप नवी मुंबईत फळ का देत नाही?

महाबळेश्वरहून येणाऱ्या छोट्या डब्यांमुळे ओळखीची झालेली रासबेरी आता ऑनलाइन नर्सऱ्यांवर रोपाच्या रूपातही मिळते. वाशी, नेरूळ किंवा खारघरच्या बाल्कनीत हे रोप काही काळ जगेलही, पण फळ धरणं अवघड. दोष खताचा नाही, हवामानाचा आहे.

लाल रासबेरी मूळची थंड प्रदेशातली. हिवाळ्यात तिच्या फांद्या सुप्तावस्थेत जातात. बहुतेक जातींना ७ अंश सेल्सिअसखाली शेकडो तास, अनेकदा ८०० च्या आसपास, काढावे लागतात. त्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. नवी मुंबईत पारा १० अंशांपर्यंतही क्वचितच उतरतो. त्यात चार महिन्यांचा पाऊस. कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथल्या फळावरून इथला अंदाज बांधता येत नाही.

पहिल्याच वर्षी फळणाऱ्या जातींना थंडी कमी पुरते, हे खरं; पण इथला उन्हाळा त्यांनाही झेपत नाही. त्यामुळे विक्रेत्याला आधी जात विचारावी. नुसतं ‘रासबेरी’ एवढंच लिहिलं असेल तर पैसे राखलेले बरे. पिकल्यावर काळी होणारी म्हैसूर रासबेरी उष्णता जास्त सोसते. आणि घरची बेरीच खायची असेल, तर तुती इथे मोठ्या कुंडीतही सहज येते.