अंगणातलं बेअरिंग

आमच्या वडप्यात गोडाऊन जास्त की गॅरेज, हा वादाचा विषय आहे. पण पिकअपच्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला की सल्ला मात्र एकच. "घरी कशाला हात काळे करतोस? मिस्त्रीकडे टाक."

का टाकू? घाईत काम कसं उरकतात ते शेजारी उभं राहून पाहिलंय मी. टेपर बेअरिंग नवीन, पण हबमधला कप जुनाच. अहो, कप आणि कोन ही जोडी असते! चरे पडलेल्या कपावर नवे रोलर किती दिवस टिकणार? ऑइल सील जुनंच. ग्रीस वरवर फासलेलं, तळहातावर घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरायला वेळ कुणाला? आणि नट? "टाइट केलाय, शेठ!" तिथेच तर गडबड आहे. चाक फिरवत नट आवळायचा, मग किंचित सैल करायचा, नवी कॉटर पिन घालायची. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुगडुगतं. (नव्या मोटारींत अख्खं सीलबंद हबच बदलतात, तो खेळ वेगळा.)

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालणाऱ्याला मी अंगणातून हाकलून देईन. चेसिसखाली घोडी हवीच. पण हा नियम मिस्त्रीलाही नको का?

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत, म्हणजे आपल्या दारात आला. दादा, नागपूरची खेप घेण्याआधी चाक उचलून वर-खाली हलवून बघ. खडखडलं तर रविवारी गाडी इकडे आण.