सुटीतली कुलूपबंद पुस्तके

मार्च-एप्रिल आला की अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसमोर रांगा लागतात. या रांगा पुस्तके नेण्यासाठी नसतात, परत करण्यासाठी असतात. परीक्षेचे प्रवेशपत्र हवे तर ग्रंथालयाचा ‘नो ड्यूज’ दाखला हवा आणि तो हवा तर कार्डावरचे शेवटचे पुस्तकही जमा व्हायला हवे. शिक्के उमटत राहतात, पुस्तके कपाटांत जातात. पुढे परीक्षा संपून मुले गावी जातात, तेव्हा वर्षातला सर्वांत मोठा रिकामा वेळ त्यांच्या हाती असतो. पुस्तक मात्र एकही नसते. वाचायला सवड असते तेव्हा पुस्तके कुलपात आणि पुस्तके मिळतात तेव्हा तास, प्रात्यक्षिके नि सत्रपरीक्षांची धांदल! हा उरफाटा व्यवहार इतकी वर्षे चालला आहे की त्यात काही वावगे आहे, असे आता कुणाला वाटतही नाही.

माझे आयुष्य बँकेच्या नोकरीत गेले, त्यामुळे मला या ठिकाणी निष्क्रिय खात्यांची आठवण होते. बचत खात्यावर खातेदाराने दोन वर्षे काही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे असेच गेली, तर २०१४ सालापासूनच्या व्यवस्थेनुसार त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जमा होते. पैसा बुडत नाही, पण तो कुणाच्या कामीही येत नाही. पुस्तकात चिकटवलेली तारखांची चिठ्ठी हे त्या पुस्तकाचे पासबुकच असते. बदलीच्या गावी गेल्यावर तिथल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संध्याकाळी बसण्याची परवानगी मिळवणे, हे माझे पहिले काम असे. तिथे मी पुस्तकाआधी ही चिठ्ठी पाहत असे. मार्गदर्शिकांच्या चिठ्ठ्या शिक्क्यांनी भरून जोडचिठ्ठ्या लागलेल्या आणि शेजारच्या कपाटातल्या उत्तमोत्तम कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या! बँकेत अशा खात्यांची यादी काढून खातेदारांचा शोध तरी घेतात. ग्रंथालयातल्या निष्क्रिय पुस्तकांची यादी कुणी काढल्याचे मी पाहिलेले नाही.

याचा दोष ग्रंथपालांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ग्रंथपाल पुस्तक देताना कचरतो, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्याला द्यावा लागतो. मोजणीत चार पुस्तके कमी भरली की खुलासा, पत्रव्यवहार, कधी वसुलीची भीती. रोखपालाच्या पेटीत शंभर रुपये कमी भरले की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिले आहे. पण पुस्तके म्हणजे रोकड नव्हे. रोकड पेटीत राहिली तर सुरक्षित असते. पुस्तक पेटीत राहिले तर वाया गेलेले असते. हा फरक खुद्द सरकारी नियमांनाही कळलेला आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत असे म्हटले आहे, की वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा हाताळल्या गेलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथ गहाळ झाले तर ते स्वाभाविक मानावे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा वा हयगय नसावी. १,००० रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मीळ ग्रंथांची चौकशी तेवढी अवश्य करावी. आपल्या महाविद्यालयांचे नियम वेगळे असतील, पण तत्त्व घेण्याजोगे आहे. हजारी पाचच कर्जे बुडाली, तर शाखाधिकाऱ्याचा सत्कार होईल! मग ग्रंथपालावरच डोळे का वटारायचे?

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत, हा त्यातला पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे पुढचे दोन. वाचकाचा वेळ वाचवा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हे ओळखा, हे शेवटचे दोन. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत. त्या साखळ्या गेल्या, पण बांधून ठेवण्याची वृत्ती गेली का? १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. प्रतिमेला हार घालणाऱ्या किती संस्था मे महिन्यात पहिला नियम पाळतात?

कपाटे उघडली, तरी काम निम्मेच होते. समोर ३०,००० पुस्तके असली की अठरा वर्षांचा मुलगा गोंधळून जातो. त्याला कुणीतरी ‘हे घे, हे वाच’ असे म्हणणारे लागते. तिसऱ्या नियमाचा अर्थ मी तरी असाच लावतो. आणि वाचनाला ऋतूची जोड दिली, तर सांगणे सोपे होते.

उन्हाळ्याची सुरुवात दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने करावी. चैत्रापासून निघालेले हे पुस्तक महिन्यागणिक एक लेख वाचत वर्षभर पुरवता येते आणि वाचणारा दारातल्या झाडाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहू लागतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या मुलाने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मे महिन्यात वाचावी. दुष्काळाने रिकामी होत जाणारी ती माणदेशातली धनगरवस्ती त्याला परकी वाटणार नाही. सुटीत प्रवासाला जाणे परवडत नसेल त्याने विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ न्यावे. दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या वणव्यात सापडतो आणि झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहून घरी परततो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात न मिळणारी भीती आणि भूक तिथे भेटते.

कॉलेज उघडते त्याच सुमारास पालख्या निघतात. तेव्हा इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ ही जोडी फलकावर लावावी. दोघेही वारीबरोबर चालले आणि दोघांच्याही मनात श्रद्धेइतकेच प्रश्न होते. ज्याला मुळापर्यंत जायचे असेल, त्याच्यासाठी रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ आहेच. दिवाळीच्या सुटीत अर्थातच अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. जुन्या महाविद्यालयांत ‘सत्यकथा’चे बांधीव खंड असतात. ते मासिक १९८२ साली बंद पडले. आज अनेक खंडांवर धूळ आहे, पण आत मराठी नवकथा अजून ताजी आहे. आणि थंडीत, विशेषतः अभियांत्रिकीच्या मुलांना, प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ द्यावी. हिमालयात रस्ता बांधताना नियम मोठा की माणूस, हा तिच्यातला प्रश्न त्यांना नोकरीत कधी ना कधी पडणारच आहे.

‘आता सगळे मोबाइलवर मिळते, ग्रंथालय कशाला?’ असे कुणी म्हणेल. मिळते हे खरे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंडही इंटरनेटवर मिळतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके उतरवून घेता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांना खुले आहे. पण हे सारे आहे, ही गोष्ट किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मोबाइल हातात असणे वेगळे आणि त्यातून विश्वकोशातली नोंद शोधून वाचणे वेगळे. ती वाट दाखवणारा माणूस ग्रंथपालच असतो. सुटीआधी एक तास घेऊन त्याने हे शिकवले, तर गावी गेलेल्या मुलाला जून उजाडेपर्यंत तो पुरेल.

मागणी फार मोठी नाही. ‘नो ड्यूज’ दाखला महाविद्यालय सोडून जाणाऱ्याला सक्तीचा असावा. पुढच्या वर्षी त्याच वर्गखोल्यांत परतणाऱ्याकडून तो मागण्याचे कारण काय? परीक्षा संपताच अशा विद्यार्थ्याला सुटीसाठी पाच पुस्तके द्यावीत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत घ्यावीत. ऋतूप्रमाणे बदलणारी दहा पुस्तकांची यादी प्रवेशद्वाराशी लावावी आणि त्यात दोन नावे विद्यार्थ्यांनी सुचवलेली असावीत. माफक अनामत घेऊन गावातल्या शिक्षकांना, गृहिणींना, निवृत्तांनाही सभासद करावे. लहान गावांत महाविद्यालयाइतका ग्रंथसंग्रह दुसरीकडे क्वचितच असतो. आणि वर्षाअखेरीच्या मोजणीत किती पुस्तके गेली याबरोबरच किती पुस्तके कुणीच नेली नाहीत, हेही प्राचार्यांनी विचारावे.

कारण पहिल्या आकड्याची भरपाई होऊ शकते. हरवलेले पुस्तक पुन्हा विकत घेता येते. एकोणिसाव्या वर्षीची उन्हाळ्याची सुटी मात्र एकदाच येते. ती पुस्तकावाचून गेली, तर त्या नुकसानीची नोंद कोणत्याही दाखलनोंदवहीत होत नाही आणि तिची वसुली कुणाच्याही पगारातून करता येत नाही.